जांभळ्या बल्बातलं पोटॅशियम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका पालकांचं पत्र आलं होतं. मुलगी अकरावी सायन्सला, गणित सोडून बायोलॉजी घेतलेली. तिला अणूची रचना, संयुजा, इलेक्ट्रॉनची कवचं हे सगळं कशाला, बेडूक आणि फुलं शिकणाऱ्या पोरांच्या डोक्यावर हे ओझं कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. नीटच्या ७२० गुणांपैकी १८० केमिस्ट्रीचे असतात, हे उत्तर मी देणार नाही. परीक्षेला आहे म्हणून शीक, असं सांगून कुणाला कधी गोडी लागलेली मी पाहिलेली नाही.

मी पंढरपूर भागातल्या एका लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनची पदविका) करून अठ्ठावीस वर्षं झाली. डॉक्टर नाही, प्राध्यापक नाही. पण बारावी सायन्स करून, मेडिकलला नंबर न लागल्यामुळे आमच्या धंद्यात येणारी पोरं दरवर्षी माझ्या हाताखाली असतात. त्यातल्या एकाची गोष्ट सांगतो.

मागच्या उन्हाळ्यातली आहे. सकाळी सातला कलेक्शनची गर्दी. एक आजी आल्या होत्या, पायाला सूज, बीपीच्या गोळ्या चालू. चिठ्ठीवर सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम. रक्त घ्यायच्या छोट्या नळीला आम्ही बल्ब म्हणतो. सीबीसीसाठी जांभळ्या बुचाचा ईडीटीए बल्ब लागतो आणि बाकीच्यासाठी लाल बुचाचा प्लेन, म्हणजे आत काही न घातलेला. आजींची शीर बारीक. पोराने आधी जांभळा भरला, मग लालमध्ये जेमतेम दीड मिली आलं आणि शीर बसली. परत टोचायला आजी तयार नव्हत्या. पोराने काय केलं, जांभळ्यातलं थोडं रक्त लालमध्ये ओतलं. त्याच्या हिशेबाने रक्त एकाच बाईचं, एकाच दंडातलं, मग बिघडलं काय?

दोन तासांनी मशीनने कागद काढला. पोटॅशियम १०.६, कॅल्शियम २.९.

ज्यांना या आकड्यांची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असतं. सातच्या वर गेलं की हृदयाचे ठोके चुकायला लागतात. कॅल्शियम साडेआठ ते साडेदहा हवं. म्हणजे कागदाप्रमाणे आजी आमच्यात नव्हत्याच. आणि त्या तर बाहेर बाकावर बसून रिक्षावाल्याशी वीस रुपयांवरून भांडत होत्या. आवाज आतपर्यंत येत होता.

पोरगा म्हणाला, "सर, मशीन बिघडलंय." कंट्रोल, म्हणजे ज्याचे आकडे आधीच माहीत असतात तो नमुना, लावून बघितला, तो बरोबर आला. मग मी बल्ब उजेडाकडे धरला. लाल बल्बात रक्ताची गुठळी व्हायला पाहिजे आणि वर पिवळसर सीरम सुटायला पाहिजे. इथे गुठळीच नाही. यंत्रात गरगर फिरवल्यावर तांबड्या पेशी तळाला बसलेल्या आणि वर पिवळं पाणी, जसं जांभळ्या बल्बात दिसतं तसं. "अरे, हे गोठलं का नाही?" विचारल्यावर तो खाली बघायला लागला.

आजींना पुन्हा टोचलं. पोटॅशियम ४.३, कॅल्शियम ९.१. दुसऱ्या टोचण्याचे पैसे अर्थातच घेतले नाहीत, वर चहा पाजला. पण तो पहिला कागद तसाच डॉक्टरांकडे गेला असता तर? पोटॅशियम उतरवायला ग्लुकोजसोबत इन्सुलिन देतात, त्याने पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं. ज्या बाईचं मुळात ४.३ आहे तिला ते दिलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ करत पडलो होतो.

आता मूळ मुद्दा. पोरगा आळशी नव्हता. बारावीला ७१ टक्के. ईडीटीए म्हणजे काय हे त्याला घडाघडा येत होतं: "अँटिकोॲग्युलंट, सर." म्हणजे रक्त गोठू न देणारं. पण कसं गोठू देत नाही, हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. कॅल्शियमच्या अणूने आपले बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन दिलेले असतात, म्हणून त्याच्यावर दोन धन प्रभार असतात. ईडीटीएचा रेणू खेकड्यासारखा सहा ठिकाणांनी त्या कॅल्शियमला आवळतो आणि सोडत नाही. कॅल्शियम अडकलं की गोठण्याची साखळी तिथेच तुटते. आणि बल्बात जे ईडीटीए असतं ते असतं पोटॅशियमचा क्षार म्हणून, कारण त्या रूपात ते रक्तात चटकन विरघळतं. म्हणजे पोराने जांभळ्यातलं रक्त ओतलं तेव्हा सोबत कॅल्शियम पकडणारा खेकडाही ओतला आणि पोटॅशियमही ओतलं. एक आकडा वर का गेला आणि दुसरा खाली का आला, दोन्हीचं उत्तर एका वाक्यात आहे. ते वाक्य अणूच्या धड्यातलं आहे, बायोलॉजीच्या पुस्तकात ते सापडणार नाही.

हे त्याला समजावताना मला कळलं की गाडी त्याच्याही आधी अडकलेली आहे. मी कागदावर के लिहिलं आणि विचारलं, हे काय? तो म्हणाला, कॅल्शियम. मग पोटॅशियम कुठलं? पी. चूक त्याची नाही, इंग्रजी अक्षर बघून कुणीही तसंच म्हणेल. के आलं लॅटिन कॅलियमवरून, आणि ते मुळात अरबी अल्-कलीवरून, म्हणजे झाडांची राख. सोडियमचं एनए आलं नॅट्रियमवरून, लोखंडाचं एफई फेरमवरून. हे त्याने कधी ऐकलं नव्हतं.

पण पोराच्या वडिलांची द्राक्षबाग आहे. मी विचारलं, "घरी शून्य शून्य पन्नासची गोणी आहे ना?" लगेच चेहरा उजळला. "आहे की सर, फवारणीला." या खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश लिहिलेलं असतं. पालाश म्हणजे हेच, के. स्फुरद म्हणजे पी, फॉस्फरस. "म्हणजे आजीच्या रक्तात जे मोजतो ते गोणीतलंच?" हो, तेच. अणू तोच, एकोणीस प्रोटॉनवाला, मग तो द्राक्षाच्या पानात असो की आजीच्या हृदयात. (गोणीवरचा ५० हा आकडा पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात मोजलेला असतो, निव्वळ पोटॅशियम ४१-४२ टक्केच भरतं. हे त्याने मग वडिलांना सांगितलं आणि वडिलांना वाटलं दुकानदाराने फसवलं. ते निस्तरायला मला फोन करावा लागला.)

खेड्यातल्या पोराला नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द आईच्या दुधासोबत मिळालेले असतात. मूलद्रव्यं शिकवायला एवढी चांगली सुरुवात असताना आपण ती शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून येतो.

शब्दांवरून आणखी एक. आमच्याकडची मुलं दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी, अकरावीपासून इंग्रजी, आणि घरी मोबाइलवर हिंदी लेक्चर बघतात. फुकट मिळतात आणि त्यातले काही शिक्षक खरोखरच छान शिकवतात, त्यात वाद नाही. पण मराठीत ॲटमला अणू म्हणतात आणि मॉलिक्यूलला रेणू. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल. एकाच शब्दाचे दोन भाषांत दोन अर्थ! पोरगा लिहितो 'पाण्याचा अणू', हिंदीच्या हिशेबाने बरोबर, मराठीच्या हिशेबाने चूक, कारण पाण्याचा रेणू असतो, अणू नसतो. तसंच मूलद्रव्याला हिंदीत तत्त्व म्हणतात, आपल्याकडे तत्त्व म्हणजे गांधीजींना असतं ते. संयुगाला तिकडे यौगिक. एका मुलीने मला खरंच विचारलं होतं की यौगिक म्हणजे योगासनांतलं काही का. हसू आलं, मग वाईट वाटलं. दोन वर्षं ती हा घोळ मनात घेऊन बसली होती.

तिसरा घोळ केंद्रकाचा. पेशीला केंद्रक असतं आणि अणूलाही. मराठीत शब्द एकच, इंग्रजीतही न्यूक्लिअस एकच. माझ्या शिकाऊंपैकी निदान दोघांच्या डोक्यात प्रोटॉन आणि क्रोमोसोम शेजारी शेजारी राहत होते. पेशीच्या केंद्रकाला ते नाव दिलं रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने, १८३१ मध्ये. अणूचं केंद्रक रदरफोर्डने दाखवलं १९११ मध्ये, ऐंशी वर्षांनी. गंमत अशी की याच ब्राउनने १८२७ मध्ये परागकणांतले बारीक कण पाण्यात सारखे थरथरताना सूक्ष्मदर्शकातून बघितले होते. ते का थरथरतात याचं उत्तर आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दिलं: पाण्याचे रेणू त्यांना चारी बाजूंनी धक्के मारतात. पुढे पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते मोजून दाखवलं, आणि अणू-रेणू खरेच असतात की ती कागदावरची सोय आहे हा वाद मिटला. अणू असल्याचा पुरावा फुलाच्या परागांतून निघाला! त्या पालकांच्या मुलीला हे कुणी सांगितलं तर ती अणूचा धडा परक्यासारखा वाचणार नाही.

इलेक्ट्रॉनच्या कवचांबद्दल त्यांची विशेष तक्रार आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

मी लागलो तेव्हा सोडियम-पोटॅशियम मोजायला फ्लेम फोटोमीटर होता. शेजारी गॅसची टाकी, खाली घरघरणारा कॉम्प्रेसर. सीरम शंभर पट पातळ करायचं, बारीक नळीतून ज्योतीत सोडायचं, आणि निळी ज्योत भपकन पिवळी व्हायची. जेवढं सोडियम जास्त तेवढा पिवळेपणा जास्त. पहिल्या दिवशी मी ते तोंड उघडं टाकून बघत उभा होतो. घरी गेलो तर आईचं वरण उतू गेलेलं आणि गॅसची ज्योत तशीच पिवळी! वरणातल्या मिठाचं सोडियम. ज्योतीच्या उष्णतेने सोडियमच्या सगळ्यात बाहेरच्या कवचातला एकुलता एक इलेक्ट्रॉन वर उडी मारतो आणि परत खाली येताना ठरावीक पिवळा प्रकाश सोडतो. पोटॅशियमची ज्योत फिकट जांभळी. दोघांचा बाहेरचा इलेक्ट्रॉन एकेकच, पण त्याच्या उडीची उंची वेगळी, म्हणून रंग वेगळा. आता ते यंत्र गेलं, इलेक्ट्रोडवाली पेटी आली. काम सोपं झालं पण बघायला काही उरलं नाही.

सोडियमची कवचं दोन, आठ, एक. पोटॅशियमची दोन, आठ, आठ, एक. दोघंही तो शेवटचा एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतात, म्हणून दोघांवरही एकच धन प्रभार. मग पेशी त्यांना ओळखते कशी? आकारावरून. पोटॅशियमचं एक कवच जास्त म्हणून तो अंगाने मोठा. पेशीच्या आवरणातली दारं आणि पंप या फरकावर चालतात. हा पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊंनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूवर काम करून तो शोधला आणि नोबेल मिळालं १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी. त्या पंपामुळे पोटॅशियम बहुतेक सगळं पेशींच्या आत आणि सोडियम बाहेर. म्हणूनच आम्ही नव्या पोरांना ओरडतो की बल्ब खळाखळा हलवू नका, बारीक सुईतून जोरात ओढू नका. तांबड्या पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं, सीरम कोकम सरबतासारखं दिसतं आणि रिपोर्ट खोटा वाढतो. मी स्वतः पहिल्या वर्षी अशी चूक केलेली आहे. साहेबांनी बल्ब माझ्यासमोर धरून एवढंच विचारलं होतं, "पिणार का?"

लोहाचंही तसंच. तालुक्यातल्या निम्म्या बायका हिमोग्लोबिन कमी म्हणून आमच्याकडे येतात. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात लोह असतं तीन-चार ग्रॅम, खिळ्याएवढं, आणि त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. लोहाचे अणू दोन रूपांत भेटतात, दोन इलेक्ट्रॉन दिलेले किंवा तीन. आतड्याला दोन दिलेले चालतात. लिंबातलं क जीवनसत्त्व लोहाला त्या रूपात आणतं आणि ठेवतं, चहातलं टॅनिन त्याला बांधून टाकतं. म्हणून गोळी लिंबू-पाण्यासोबत घ्या, चहासोबत नको. आमच्या काउंटरवर रोज हे सांगितलं जातं, आणि ते सांगणाऱ्या पोरीला कारण विचारलं तर ती म्हणते, "उष्ण पडतं."

आपल्याकडे सलाईनची बाटली सगळ्यांनी बघितलेली असते. त्यातली आर.एल. म्हणजे रिंगर लॅक्टेट. सिडनी रिंगर हे लंडनचे डॉक्टर. १८८२-८३ च्या सुमाराला ते बेडकाचं हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यात चालू ठेवायचा प्रयत्न करत होते. ते चाललंही. मग कळलं की त्यांच्या मदतनिसाने द्रावणासाठी डिस्टिल्ड वॉटर न घेता सरळ नळाचं पाणी घेतलं होतं. डिस्टिल्ड वॉटर घेतलं तर हृदय थोड्याच वेळात थांबायचं. नळाच्या पाण्यात असं काय होतं? कॅल्शियम, अगदी थोडं. त्या पालकांना बेडूक हवा होता ना, हा घ्या बेडूक. तोही शेवटी कॅल्शियमपाशीच येऊन थांबला, आमच्या जांभळ्या बल्बासारखा.

बारावीच्या बायोलॉजीतला हर्शी आणि चेस यांचा १९५२ चा प्रयोग मुलं पाठ करतात: किरणोत्सारी फॉस्फरस, किरणोत्सारी गंधक, आणि शेवटी डीएनए हेच आनुवंशिक द्रव्य. पण हीच दोन मूलद्रव्यं का घेतली, हे विचारलं तर शांतता. डीएनएत फॉस्फरस असतो पण गंधक नसतो, विषाणूच्या प्रथिनाच्या कवचात गंधक असतं पण फॉस्फरस नसतो, म्हणून फॉस्फरसचा माग काढला की डीएनए सापडतं आणि गंधकाचा काढला की प्रथिन. एवढं कळलं की तो प्रयोग पाठ करायची गरजच राहत नाही, कुणीही स्वतःहून तसाच रचेल.

त्या पालकांचं एक म्हणणं मात्र मला पटतं. अकरावीच्या सुरुवातीलाच क्वांटम अंक आणि ऑर्बिटलचे आकार अंगावर आले तर बायोलॉजीची पोरं बिचकतात. त्यात आमच्याकडच्या कितीतरी कॉलेजांत केमिस्ट्रीचे सर आणि बायोलॉजीच्या मॅडम वर्षभर एकमेकांच्या वर्गात डोकावत नाहीत. कॅल्शियम दोघंही शिकवतात, एक आवर्तसारणीत आणि एक हाडात, आणि मुलांना वाटतं ही दोन वेगळी कॅल्शियम आहेत. बदल करायचाच तर धडा काढू नका, पहिले आठ दिवस दोघांनी एका वर्गात उभं राहून शिकवा. त्याला ना शासनाचा जीआर लागतो ना निधी.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. विद्यार्थ्यांच्या पानावर दर आठवड्याला बहुपर्यायी प्रश्न छापता. त्यात कधीतरी एक नाव झाकलेला रक्ताचा रिपोर्ट किंवा खताच्या गोणीचा फोटो छापा आणि विचारा, यात के कुठे आहे? अणू, रेणू, परमाणु यांचा मराठी-हिंदी घोळ एका चौकटीत सोडवून छापलात तर मी स्वतः ती कापून लॅबमध्ये लावीन. भिंतीवर जागा आहे. तिथे सध्या आमच्या पोराने स्वतःच्या अक्षरात लिहिलेला एक कागद आहे: 'जांभळ्यातून लालमध्ये ओतू नये. आत पोटॅशियम आहे.' खाली त्याने गोणीचं लेबल कापून चिकटवलंय.

पत्र लिहिणाऱ्या पालकांना राग येऊ नये. त्यांची मुलगी सुट्टीत एक दिवस आमच्याकडे आली तर आनंद होईल. सकाळी सातला यावं, गर्दी तेव्हाच असते. नाश्ता करून यावं, रक्त बघून उपाशीपोटी चक्कर येते. पत्ता आपल्याकडे पत्रासोबत दिला आहे, तो त्यांना कळवायला हरकत नाही, मात्र छापू नये.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, ता. पंढरपूर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)